मिशिगन तळ्याकाठी सहलीला जाणाऱ्यांसाठी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

उन्हाळ्यात मुलांकडे अमेरिकेला निघालेल्या आईवडिलांसाठी मराठी वर्तमानपत्रांत दरवर्षी सूचनांचे लेख येतात. औषधांच्या चिठ्ठ्या, प्रवासविमा, लोणच्याच्या बरण्या, विमानतळावरची व्हीलचेअर, सगळे त्यात असते. पाण्याविषयी मात्र अक्षरही नसते. मुले शिकागो, इंडियाना किंवा मिशिगन भागात राहत असतील, तर पाहुणे आल्यावरच्या पहिल्या काही रविवारांत एक सहल मिशिगन तळ्याकाठच्या एखाद्या राज्य उद्यानात निघतेच. इंडियाना ड्यून्स, वॉरन ड्यून्स, हॉलंड, ग्रँड हेवन, लडिंग्टन ही नेहमीची ठिकाणे. जागा फार सुंदर आहेत, जरूर जावे. पण त्या पाण्याची ओळख विमानात बसण्यापूर्वीच करून द्यायला हवी, म्हणून हे पत्र.

हे तळे सुमारे ४९४ किलोमीटर लांब आहे, सर्वांत रुंद जागी १९० किलोमीटर आहे आणि त्याची खोली २८१ मीटरपर्यंत जाते. पाणी गोडे, पुळण लांबलचक, आणि आकाश निरभ्र असेल तर इंडियाना ड्यून्सच्या काठावरून शिकागोच्या उंच इमारती क्षितिजावर दिसतात. गणपतीपुळ्याला लाटांपासून चार हात लांब राहणारी माणसे इथे निर्धास्त होऊन पाण्यात उतरतात. विहिरीत, नदीत पोहायला शिकलेला माणूस तर जास्तच निर्धास्त असतो. प्रत्यक्षात हे पाणी लाटांच्या बाबतीत समुद्रासारखे वागते आणि तरंगण्याच्या बाबतीत समुद्राइतका आधार देत नाही, कारण त्यात मीठ नाही. ग्रेट लेक्स सर्फ रेस्क्यू प्रोजेक्ट ही संस्था तिथल्या पाच महातळ्यांतील बुडण्याच्या घटनांची २०१० पासून नोंद ठेवते. तो आकडा हजारावर कधीच गेला आणि त्यातला मोठा वाटा एकट्या मिशिगन तळ्याचा आहे.

सर्वांत आधी थंडीविषयी, कारण भारतातून आलेल्या माणसाला हा धोका दिसतच नाही. आपली मंडळी बहुधा मे महिन्यात पोहोचतात. मेचा शेवटचा सोमवार हा तिथल्या उन्हाळ्याचा रूढ आरंभ. त्या सुट्टीला हवा कधीकधी २८-३० अंश असते, लोक अर्ध्या चड्डीत फिरत असतात, आणि तळ्याचे पाणी मात्र १० ते १३ अंशांच्या आसपास असते. एवढे मोठे पाणी तापायला उन्हाळा सरत यावा लागतो. दक्षिण टोकाला पाणी २० अंशांच्या वर जाते ते साधारण जुलैच्या मध्यानंतर, आणि सप्टेंबरच्या सुरुवातीपर्यंत तसे टिकते. तिथल्या फलकांवर तापमान फॅरनहाइटमध्ये लिहिलेले असते. ५० म्हणजे १० अंश सेल्सिअस, ६० म्हणजे साडेपंधरा, ७० म्हणजे २१. फलकावर ६० पेक्षा कमी आकडा असेल तर घोट्यापर्यंत पाय भिजवावेत आणि परत फिरावे.

इतक्या थंड पाण्यात अंग एकदम बुडाले की पहिल्या मिनिटात श्वास आपोआप आत ओढला जातो आणि धाप लागते. तोंड त्या क्षणी पाण्याखाली असेल तर पाणी थेट फुप्फुसात जाते. पट्टीचा पोहणारा जागच्या जागी बुडतो तो असा. पहिले मिनिट निभावले तरी पुढच्या दहाएक मिनिटांत हातापायांतले रक्त आत खेचले जाते, बोटे दोरी धरू शकत नाहीत आणि हात मारता येत नाहीत. शरीराची उष्णता पूर्ण उतरून शुद्ध हरपायला तासभर लागू शकतो, पण जीवरक्षक जाकीट नसेल तर तेवढा वेळ तरंगणार कोण? म्हणून अशा पाण्यात अचानक पडलेच तर पहिले मिनिट पोहण्याचा प्रयत्न करू नये. पाठीवर व्हावे, तोंड वर ठेवावे आणि श्वास ताब्यात आल्यावरच किनाऱ्याकडे वळावे. हृदयविकार किंवा रक्तदाब असलेल्या ज्येष्ठांनी मे-जूनमध्ये कमरेएवढ्या पाण्यातही उतरू नये. थंडीच्या त्या पहिल्या झटक्याने नाडी आणि रक्तदाब दोन्ही एकदम चढतात.

जुलै-ऑगस्टमध्येही खात्री धरता येत नाही. वारा जमिनीवरून तळ्याकडे वाहू लागला की पृष्ठभागावरचे कोमट पाणी आत ढकलले जाते आणि तळाचे गार पाणी किनाऱ्याशी वर येते. काल २२ अंश असलेले पाणी आज १२ अंशांवर आलेले असते. अशा दिवशी किनाऱ्याजवळ लाटा नसतात, पाणी काचेसारखे स्थिर दिसते, त्यामुळे लोक फसतात. याच वाऱ्याने हवा भरलेल्या रबरी गाद्या, ट्यूब आणि खेळण्यातले हंस आत वाहून जातात. वर बसलेल्याला आपण सरकतो आहोत हे कळत नाही, आणि कळते तेव्हा वाऱ्याविरुद्ध हात मारून परत येणे जवळपास अशक्य असते. जमिनीकडून वारा असेल त्या दिवशी असली साधने गाडीतच राहू द्यावीत. चेंडू वाहून गेला तर जाऊ द्यावा, त्याच्यामागे कोणीही जाऊ नये.

आता लाटा. या तळ्याला जाणवण्याजोगी भरती-ओहोटी नाही. कोकणात निदान भरतीचे वेळापत्रक असते आणि “आता आत जाऊ नका” म्हणणारा किनाऱ्यावरचा माणूस असतो. इथे पाण्याची चाल पूर्णपणे वाऱ्यावर ठरते. इंडियानाचा किनारा उत्तरेकडे तोंड करून आहे, म्हणजे उत्तरेचा वारा जवळजवळ तळ्याच्या संपूर्ण लांबीवरून लाटा आणतो. मिशिगन राज्याच्या बाजूला हेच काम पश्चिमेचा आणि वायव्येचा वारा करतो. समुद्राच्या मानाने या लाटा एकमेकींच्या फार जवळून, तीन ते पाच सेकंदांच्या अंतराने येतात. एका लाटेतून सावरून श्वास घेईपर्यंत दुसरी तोंडावर असते, आणि माणूस दमतो तो यामुळे. लाटा तीन फुटांपेक्षा उंच असतील तर पाण्यात उतरू नये हा सरळ नियम. वारा रात्रीच पडला असला तरी लाटा दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत राहू शकतात, तेव्हा लख्ख ऊन पाहून निर्णय घेऊ नये.

किनाऱ्याला समांतर, पाण्याखाली वाळूचे दांडे असतात. लाटांनी दांड्याच्या अलीकडे ढकललेले पाणी साचते आणि दांडा जिथे तुटलेला असेल त्या खिंडीतून जोराने परत आत जाते. वर्तमानपत्रांतून रिप करंट हा शब्द वाचनात येतो तो हाच. उंचावरून पाहिले तर दोन्ही बाजूंना फेसाळ लाटा फुटताना दिसतात आणि मधल्या पट्ट्यात लाट फुटत नाही, पाणी गढूळ असते, फेस आत सरकताना दिसतो. नवख्या माणसाला तोच पट्टा शांत वाटतो आणि तो नेमका तिथे उतरतो. दांड्यांमुळे आणखी एक घोटाळा होतो. पाणी गळ्यापर्यंत येते, पुढे चालल्यावर पुन्हा गुडघ्यापर्यंत उतरते, मुले खूश होऊन दांड्यावर खेळू लागतात, आणि परतताना मधला खोल भाग ओलांडता येत नाही.

अशा ओढीत सापडल्यास किनाऱ्याच्या दिशेने सरळ पोहण्याचा हट्ट जिवावर बेततो. ओढ माणसाला खाली खेचत नाही, नुसती आत नेते. तेव्हा आधी पाठीवर उलटावे आणि तरंगून दम सांभाळावा. मग पाणी आपल्याला कोणत्या दिशेला नेते आहे ते पाहावे, त्या दिशेच्या काटकोनात, म्हणजे किनाऱ्याला समांतर, पोहून ओढीबाहेर पडावे आणि त्यानंतरच लाटांच्या सोबतीने किनाऱ्याकडे यावे. ताकद उरली नसेल तर नुसते तरंगत राहून हात हलवावा. पाठीवर तरंगता येणे हे पोहता येण्याइतकेच मोलाचे आहे, आणि ते पुण्या-मुंबईच्या कुठल्याही तरणतलावात जाण्यापूर्वी शिकता येते. साठीच्या पुढेही शिकता येते.

धक्क्यांचा धोका याहून वेगळा आहे. हॉलंड, ग्रँड हेवन इथे लाल दीपगृहापर्यंत जाणारे काँक्रीटचे लांब धक्के आहेत, आणि फोटो काढायला सगळे तिकडेच जातात. किनाऱ्याला समांतर वाहत आलेले पाणी धक्क्याला अडते आणि त्याच्या कडेकडेने आत वळते. वाळूच्या दांड्यातली खिंड आज असते, उद्या बुजते. धक्का मात्र हलत नाही, त्यामुळे लाटा असतील तेव्हा त्याच्या बाजूची ओढही असतेच. धक्क्याच्या दोन्ही बाजूंना किमान शंभर यार्ड, म्हणजे नव्वदएक मीटर, पाण्यात उतरू नये. लाटा धक्क्यावर चढत असतील तर चालतही जाऊ नये. काँक्रीट शेवाळाने गुळगुळीत झालेले असते, लाट गुडघ्याइतकी असली तरी पाय सुटतो, आणि बाजूच्या दगडांमुळे पुन्हा वर चढता येत नाही. बऱ्याच धक्क्यांवर ठरावीक अंतराने बुडणाऱ्याकडे फेकायच्या तरंगत्या जीवरक्षक कड्या टांगलेल्या असतात. त्या कुठे आहेत ते जाता जाता पाहून ठेवावे.

वादळानंतरच्या वेळेविषयी विशेष सांगायला हवे. २६ जून १९५४ रोजी सकाळी शिकागोच्या माँट्रोझ बंदरावर मासे पकडत बसलेल्यांवर तळ्याचे पाणी अचानक चढून आले आणि आठ जण वाहून गेले. वादळाची रांग त्याआधी तळ्यावरून पुढे निघून गेली होती. ४ जुलै २००३ रोजी वॉरन ड्यून्सच्या परिसरात हवा निवळल्यावर सुट्टीची गर्दी पाण्यात उतरली आणि सुमारे तीन तासांत सात जण बुडाले. गडगडाटी वादळाबरोबर हवेचा दाब आणि वारा एकदम बदलतो, त्याने तळ्याचे पाणी एका बाजूला चढते, आणि ते परत उतरताना किनाऱ्यावर जोराच्या ओढी तयार होतात, असे विस्कॉन्सिन विद्यापीठातील संशोधकांनी या घटनेविषयी नंतर दाखवले. म्हणून वीज-पाऊस थांबल्यावर लगेच पाण्यात धावू नये. शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास छपराखाली किंवा गाडीत थांबायचे हा विजेसाठीचा नियम झाला. पाण्यासाठी आणखी काही तास जाऊ द्यावेत, त्या दिवसापुरते पोहणे सोडलेच तर उत्तम.

हे सगळे लक्षात ठेवायचे ओझे नको असेल तर निदान झेंडे ओळखावेत. मिशिगनच्या उद्यानांत पोहण्याच्या जागेजवळ झेंडा असतो. हिरवा म्हणजे धोका कमी, पिवळा म्हणजे मध्यम, लाल म्हणजे जास्त, आणि दोन लाल झेंडे एकत्र असतील तर पाण्यात जायला बंदी. ही बंदी मोडल्यास राज्याच्या उद्यानांत ५०० डॉलरपर्यंत दंड होऊ शकतो. हिरव्या झेंड्याचाही अर्थ “धोका नाही” असा नाही. मिशिगनच्या राज्य उद्यानांत जीवरक्षक नेमलेले नसतात, बोयांनी, म्हणजे पाण्यावर तरंगत्या खुणांनी, आखलेली जागा तेवढी असते. त्याउलट इंडियाना ड्यून्स राज्य उद्यानात उन्हाळ्यात जीवरक्षक असतात आणि त्यांच्या देखरेखीतल्या पट्ट्यातच पोहायला परवानगी असते. मुले किंवा ज्येष्ठ बरोबर असतील तर आमचे मत स्पष्टपणे इंडियाना ड्यून्सच्या बाजूने आहे. निघण्याच्या दिवशी सकाळी अमेरिकेच्या राष्ट्रीय हवामान सेवेच्या संकेतस्थळावर त्या किनाऱ्याचा पोहण्याचा धोका कमी, मध्यम की जास्त, हे दिलेले असते. तो शब्द पाहायला एक मिनिट पुरते.

इंडियाना ड्यून्सलाच पुळणीवरून ड्यून्स क्रीक नावाचा ओढा तळ्याला मिळतो. पाणी उथळ आणि कोमट, म्हणून आजी-आजोबा तान्ह्या नातवंडांना तिथे बसवतात. जोराचा पाऊस झाल्यावर अशा ओढ्यांतून जनावरांच्या विष्ठेतले आणि सांडपाण्यातले जंतू वाहून येतात. पावसानंतर दोन दिवस ओढ्यात किंवा त्याच्या मुखाशी खेळणे टाळावे, आणि एरवीही तिथून उठल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय खाऊ देऊ नये.

काठावरच्या गोष्टी थोडक्यात सांगतो. वाळूच्या टेकड्या हे या उद्यानांचे खरे वैभव. इंडियाना ड्यून्समध्ये माउंट जॅक्सन, माउंट होल्डन आणि माउंट टॉम या तीन टेकड्या ओळीने चढण्याची दीड मैलाची वाट आहे. एकूण चढ ५५२ फूट. आकडा सिंहगड चढणाऱ्याला किरकोळ वाटेल, पण वाळूत टाकलेले पाऊल निम्मे मागे सरकते आणि गुडघे बोलू लागतात. सकाळी नऊच्या आत चढावे, माणशी किमान एक लिटर पाणी घ्यावे आणि पायात कापडी बूट व मोजे घालावेत. चपलेत वाळू शिरते, अनवाणी चालले तर दुपारी तळवे भाजतात. आखलेली वाट सोडू नये. शेजारच्या राष्ट्रीय उद्यानातल्या माउंट बाल्डी टेकडीवर जुलै २०१३ मध्ये एक लहान मुलगा वाळूत उघडलेल्या भोकात गडप झाला होता. सरकत्या वाळूखाली गाडलेली झाडे कुजून तशा पोकळ्या राहतात. तो तीन तासांहून अधिक वेळाने जिवंत निघाला, आणि त्या टेकडीवर तेव्हापासून वनरक्षकाशिवाय जाता येत नाही. मुलांना पुळणीवर खड्डा खणू द्यावा, पण त्यांच्या गुडघ्यापेक्षा खोल नको. ओली भिंत ढासळली की वाळूचे वजन लहान मुलाला हलू देत नाही.

झाडीतून जाताना तीन-तीन पानांच्या झुडपाला हात लावू नये. पॉइझन आयव्ही या विषारी वेलीची पाने तशी असतात आणि तिच्या तेलाने अंगावर फोड येतात. तेल लागल्याची शंका आली तर लगेच साबण व गार पाण्याने धुवावे. मे ते जुलै हा पिल्लू-गोचिडींचा काळ, त्या खसखशीच्या दाण्याएवढ्या असतात. घरी परतल्यावर काखा, कानामागे, गुडघ्यामागे, कमरेच्या नाडीखाली पाहावे. चिकटलेली आढळली तर बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढावी. पिळू नये, तेल लावू नये, काडीने चटका देऊ नये. एक-दीड दिवसाच्या आत काढली तर गोचिडीमुळे होणाऱ्या लाइम रोगाचा धोका बराच कमी होतो. पुढच्या महिनाभरात लाल गोल चट्टा किंवा ताप आला तर डॉक्टरला गोचिडीविषयी आवर्जून सांगावे.

कणसे आणि वांगी भाजायला कोळशाच्या शेगड्या बहुतेक उद्यानांत असतात. उरलेले निखारे वाळूत पुरू नयेत, वरून वाळू गार दिसते आणि खाली कित्येक तास धग राहते. दुसऱ्याचे मूल त्यावरून पळत जाते. निखाऱ्यांसाठी लोखंडी पेट्या ठेवलेल्या असतात. मुक्कामाला तंबू असेल तर शेगडी विझत आलेली असली तरी तंबूत घेऊ नये. कोळशाच्या विषारी वायूला वास नसतो आणि झोपलेला माणूस उठतच नाही. लाकूड घरून नेऊ नये, उद्यानात किंवा जवळपास विकत घ्यावे. ॲश वृक्ष पोखरणारा हिरवा भुंगा २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ आढळला आणि लाकडाच्या मोळ्यांबरोबर राज्याराज्यांत पसरला. त्यासाठी ही काळजी.

घड्याळाची एक अडचण. इंडियाना ड्यून्स शिकागोच्या वेळेवर चालते, वॉरन ड्यून्स एक तास पुढे. प्रवेशशुल्क गाडीच्या नंबरप्लेटवर ठरते, परराज्यातल्या प्लेटला जास्त. जुलैच्या रविवारी वाहनतळ दुपारपूर्वी भरतो आणि प्रवेश थांबवतात, तेव्हा दहाच्या आत पोहोचावे. तंबूच्या जागा या दोन्ही राज्यांत सहा महिने आधी खुल्या होतात आणि उन्हाळ्यातले शनिवार लगेच संपतात. मद्याविषयीचे नियम उद्यानागणिक वेगळे आणि बऱ्याच ठिकाणी पूर्ण बंदी आहे. पाण्याशेजारी ते नसलेलेच बरे.

तिकडे शिकायला गेलेल्या मुलांसाठी आणखी थोडे. एप्रिल २०२३ मध्ये इंडियानातल्या मन्रो तलावात दोन भारतीय विद्यार्थी बोटीवरून पोहायला उतरले आणि बुडाले. लहान तलावांवर पाँटून बोटी तासावर भाड्याने मिळतात, त्या सपाट आणि स्थिर असल्याने सगळ्यांना सोयीच्या वाटतात. बोटीवरून पाण्यात उतरताना क्रम असा असावा. आधी इंजिन बंद, मग नांगर टाकून तो धरला आहे याची खात्री, मग शिडी खाली, मग बोट चालवता येणारा एक जण वरच थांबणार हे ठरवणे, आणि त्यानंतर जाकीट घातलेल्यांनी एकेक करून उतरणे. नांगर नसेल तर हलक्या वाऱ्यातही बोट पोहणाऱ्यापेक्षा वेगाने सरकते. इंजिन चालू असताना मागच्या बाजूला कोणी नसावे, पंखा आणि धूर दोन्हींपासून धोका आहे. एप्रिलमध्ये मुळात उतरूच नये, कारण वर सांगितले.

जाकिटावर अमेरिकी तटरक्षक दलाच्या मान्यतेचा छाप असावा. मापे वजनावर असतात: ३० पौंडांपर्यंत तान्ही मुले, ३० ते ५० लहान मुले, ५० ते ९० मोठी मुले, ९० च्या वर प्रौढ. एक किलो म्हणजे २.२ पौंड. घालून सगळे पट्टे आवळल्यावर खांद्याशी धरून वर उचलून पाहावे. हनुवटी जाकिटात बुडाली तर ते मोठे आहे, पाण्यात डोक्यावरून निघून जाईल. दंडावर चढवायचे हवेचे फुगे हे जाकीट नव्हे.

शेवटची आणि आमच्या मते सर्वांत गरजेची गोष्ट देखरेखीची आहे. बुडणारा माणूस ओरडत नाही. श्वासच घेता येत नाही तर आवाज कुठून निघणार? तो पाण्यात उभा असतो, डोके मागे, तोंड पाण्याच्या पातळीला, हात बाजूला पाणी दाबत असलेले. हे वीस सेकंद ते एक मिनिट चालते आणि मग तो दिसेनासा होतो. चाळीस-पन्नास माणसांच्या सहलीत सगळेच काठावर असतात, म्हणून प्रत्येकाला वाटते की कोणीतरी पाहत असेल. महाराष्ट्र मंडळांनी आणि मित्रमंडळींनी सहलीत जेवणाची, खेळांची जबाबदारी जशी वाटतात तशी पाण्याचीही वाटावी. दोन जण, वीस मिनिटांची पाळी, हातात शिट्टी, खिशात फोन पण नजर पाण्यावर, आणि त्या वीस मिनिटांत गप्पा किंवा ताट नाही. गाडीत पंधरा ते वीस मीटर तरंगती दोरी बांधलेल्या दोन जीवरक्षक कड्या आणि मुलांच्या मापाची जाकिटे असावीत. पोहता न येणारे मूल पाण्यात असेल तर मोठ्या माणसाने हाताच्या अंतरावर राहावे. साडी, सलवार, जीन्स घालून कमरेच्या वर पाण्यात जाऊ नये, ओले कापड पायांना गुंडाळते.

कोणी अडचणीत दिसला तर पाण्यात उडी घेऊ नये. वाचवायला गेलेला माणूसही बुडाल्याच्या घटना तिथे पुन्हा पुन्हा घडतात. काठावरून दोरी, काठी, ओढणी लांबवावी. ते पुरत नसेल तर तरंगणारे काहीही फेकावे: कडी, झाकण घट्ट लावलेली रिकामी बर्फपेटी, चेंडू. हातात हात गुंफून माणसांची साखळी करू नये, लाटेत एकाचा पाय सुटला की पाच जण जातात. त्याच वेळी दुसऱ्याने ९११ या तिथल्या आपत्कालीन क्रमांकाला फोन करावा. सिमकार्ड चालू नसलेल्या फोनवरूनही हा क्रमांक लागतो. उद्यानाचे नाव, वाहनतळाचे किंवा जवळच्या फलकावरचे अक्षर-आकडे सांगावेत, इंग्रजी मोडके असले तरी चालते. माणूस बाहेर काढल्यावर त्याला उलटे टांगू नये, पोट दाबून पाणी काढण्याचा प्रयत्न करू नये. त्यात वेळ जातो आणि पोटातले अन्न श्वासनलिकेत शिरते. श्वास थांबला असेल तर उताणे झोपवून दोन श्वास तोंडाने द्यावेत, मग छातीच्या मध्यभागी तीस दाब, पुन्हा दोन श्वास, असे मदत येईपर्यंत चालू ठेवावे. बुडालेल्याच्या बाबतीत नुसते दाब पुरत नाहीत, कारण त्याच्या रक्तातला प्राणवायूच संपलेला असतो. फोनवरचा माणूस पुढची पायरी सांगत राहतो, म्हणून फोन स्पीकरवर ठेवून शेजारी वाळूवर ठेवावा. नाकातोंडात पाणी जाऊन सावरलेल्या माणसालाही खोकला, धाप किंवा ग्लानी असेल तर त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे, आणि विम्याची पाने घरी कपाटात न ठेवता फोनमध्ये ठेवावीत.

आपल्या दैनिकातील “अमेरिकेला जाताना” या धर्तीच्या पुढच्या लेखात औषधांच्या यादीशेजारी या सूचनांना जागा मिळावी, ही विनंती. मजकूर कमी करायचा झाल्यास थंड पाणी, धक्के आणि पाळीने देखरेख हे तीन भाग तरी ठेवावेत.

आपले,
शिकागो परिसरातील काही मराठी वाचक